तीन शाळा आणि एक अक्षर

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या असून सातवीपर्यंत गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकल्या आहेत. डॉक्टर पतीची मिशिगनमधली रेसिडेन्सी (रुग्णालयातले प्रशिक्षण) संपत आली आहे आणि जे-वन वेव्हरवर (जे-वन व्हिसाच्या डॉक्टरांना मायदेशी परतण्याच्या अटीतून मिळणाऱ्या सवलतीवर) त्यांना नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्व भागात, एका ग्रामीण काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) रुग्णालयात तीन वर्षांची नोकरी मिळाली आहे. मुलगी ऑगस्टमध्ये सहावीत जाईल. तिला गणिताची आवड आहे आणि ती स्वभावाने अबोल आहे. काउंटीत सहावी ते आठवीचे वर्ग असलेल्या सरकारी शाळा तीनच आहेत. मुख्य गावातली सर्वांत मोठी शाळा राज्याच्या श्रेणीत ‘सी’ आहे आणि उत्तरेकडच्या नव्या वस्तीजवळची शाळा ‘बी’ आहे. तिसरी बालवर्गापासून आठवीपर्यंतची छोटी शाळा असून ती एका वर्षी ‘बी’ तर पुढच्या वर्षी ‘डी’ दाखवते. घरविक्रीच्या संकेतस्थळांवर तिन्ही शाळांना दहापैकी पाच किंवा त्याहून कमी गुण आहेत. पतीचे सहकारी एका खासगी अकॅडमीचे नाव सुचवतात. मैत्रिणी म्हणतात की घर राजधानी रालीजवळच्या केरीत घ्यावे आणि डॉक्टरांनी रोज दीड-दीड तास गाडी चालवावी. पत्रलेखिका विचारतात, ‘आमच्या नोकरीच्या सोयीसाठी आम्ही मुलीला वाईट शाळेत ढकलत आहोत का?’

सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही जोडलेला तक्ता मी नीट पाहिला. तीन शाळा, अकरा रकाने, आणि कमी गुणांच्या चौकटी तांबड्या रंगवलेल्या. काम मनापासून केलेले आहे, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहिते. राज्याची श्रेणी, वाचनात उत्तीर्ण झालेल्यांचे प्रमाण, गणितातले प्रमाण, विज्ञानातले प्रमाण, संकेतस्थळाचे गुण, मोफत जेवणाची टक्केवारी आणि आसपासच्या घरांच्या किमती, हे तुमचे सात रकाने बव्हंशी एकच गोष्ट सांगतात, ती म्हणजे त्या शाळेत येणाऱ्या मुलांच्या घरची परिस्थिती. तक्ता पाहताना सात साक्षीदार एका सुरात बोलत आहेत असे वाटते, परंतु साक्षीदार एकच आहे आणि तोच सात वेळा उभा राहतो आहे.

हे कसे होते ते समजून घेण्यासाठी ‘बी’ आणि ‘सी’ ही अक्षरे कशी तयार होतात ते पाहावे लागेल. नॉर्थ कॅरोलिनाच्या कायद्याप्रमाणे शाळेच्या एकूण गुणांत ८० टक्के वजन मुलांनी वर्षअखेरीच्या परीक्षांत मिळवलेल्या यशाला असते आणि फक्त २० टक्के वजन त्यांनी वर्षभरात केलेल्या प्रगतीला. एकूण गुण ८५ किंवा अधिक असले तर ‘ए’, ७० ते ८४ असले तर ‘बी’, ५५ ते ६९ असले तर ‘सी’, ४० ते ५४ असले तर ‘डी’ आणि त्याखाली ‘एफ’. आता समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. एका शाळेचे यशाचे गुण ५२ आहेत आणि प्रगतीचे ८८. हिशेब केला तर ४१.६ अधिक १७.६, म्हणजे ५९, म्हणजे ‘सी’. दुसऱ्या शाळेचे यशाचे गुण ७६ आहेत पण प्रगतीचे ६२. हिशेब ६०.८ अधिक १२.४, म्हणजे ७३, म्हणजे ‘बी’. पहिल्या शाळेतली मुले मागे राहून आली आणि वर्षभरात अपेक्षेपेक्षा जास्त पुढे सरकली, तर दुसऱ्या शाळेतली मुले घरूनच पुढे असलेली आली आणि शाळेत अपेक्षेपेक्षा कमी सरकली. अक्षर मात्र दुसऱ्या शाळेला वरचे मिळाले. गरीब मुलांचे प्रमाण जास्त असलेल्या शाळांच्या वाट्याला ‘डी’ आणि ‘एफ’ अधिक येतात, हे राज्याच्या शिक्षण विभागाचे स्वतःचे वार्षिक अहवालही दाखवत आले आहेत.

प्रगतीचा निकाल राज्य तीन शब्दांत देते: अपेक्षेपेक्षा जास्त, अपेक्षेइतकी, अपेक्षेपेक्षा कमी. मूल आधीच्या वर्षांत कुठे होते ते पाहून त्याच्याकडून किती अपेक्षा करता येईल हे काढले जाते आणि शाळेने त्याला त्याहून पुढे नेले की मागे ठेवले हे मोजले जाते. तुमच्या तक्त्यात हा रकाना नाही, वास्तविक तो राज्याच्या शाळा-अहवालात अक्षराच्या शेजारीच असतो. तुम्ही कळवलेल्या नावांवरून मी तो पाहिला. मुख्य गावातल्या ‘सी’ शाळेची प्रगती सलग तीन वर्षे अपेक्षेपेक्षा जास्त आहे. उत्तरेकडच्या ‘बी’ शाळेची प्रगती तीनपैकी दोन वर्षे अपेक्षेपेक्षा कमी आहे. म्हणजे तुमच्या तक्त्यात जी चौकट सर्वांत गडद तांबडी आहे, त्या शाळेतले शिक्षक बहुधा काउंटीत सर्वांत चांगले काम करत आहेत.

अर्थात प्रगतीचा आकडाही देववाणी नाही. तो एका वर्षाचा असेल तर फसवू शकतो, म्हणून निदान तीन वर्षांचा पाहावा. शिवाय तो संपूर्ण शाळेचा असतो. मागे असलेल्या मुलांना वर आणण्यात शाळेचे सगळे बळ खर्ची पडत असेल तर पुढे असलेले मूल वर्गात शांत बसून राहते, आणि तुमची मुलगी तर मुळातच शांत आहे. वरच्या स्तरावरील मुलांची प्रगती वेगळी काढलेली असते, ती मुख्याध्यापकांच्या संगणकावर दिसते. ‘पाचवीत सर्वांत वरच्या स्तरावर असलेली मुले तुमच्याकडे सहावीत किती पुढे जातात?’ असा सरळ प्रश्न विचारावा. मुख्याध्यापक आकडा दाखवोत वा न दाखवोत, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारला आहे की नाही, हे उत्तराच्या पहिल्या वाक्यात कळते.

तिसऱ्या, छोट्या शाळेच्या ‘बी’ आणि ‘डी’ यांच्यातल्या झोक्याने तुम्ही घाबरलात, पण त्या शाळेच्या आठवीत बावीस मुले आहेत. बावीस मुलांत एक मूल म्हणजे साडेचार टक्के. दोन हुशार मुलांचे आईवडील दुसऱ्या गावी गेले आणि एका मुलाला परीक्षेच्या दिवशी ताप आला, एवढ्याने शाळा वर किंवा खाली जाऊ शकते. दहापेक्षा कमी मुलांच्या गटाचे आकडे तर मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून राज्य छापतच नाही. तेव्हा त्या शाळेचा निवाडा आकड्यांवरून करू नका. तिथे प्रश्न वेगळा आहे: सहावी, सातवी आणि आठवी, तिन्ही वर्गांना गणित शिकवणारी व्यक्ती बहुधा एकच असेल. ती उत्तम असेल तर तुमच्या मुलीला तीन वर्षे सलग उत्तम शिक्षक मिळतील, आणि ती व्यक्ती नोकरी सोडून गेली तर तिन्ही वर्षे एकाच वेळी कोसळतील.

मोफत जेवणाच्या रकान्याबद्दल एक खुलासा करते, कारण इथे अनेक वाचकांची गफलत होते. तुम्ही तिन्ही शाळांपुढे ‘१०० टक्के’ लिहून ते तांबडे केले आहे. शंभर टक्के मुले गरीब आहेत असा त्याचा अर्थ नाही. ज्या शाळांत सरकारी साहाय्य मिळणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आहे, तिथे केंद्र सरकारच्या एका तरतुदीखाली सर्वच मुलांना न्याहारी आणि दुपारचे जेवण मोफत देता येते. त्यात डॉक्टरांची मुलगीही आली. (शाकाहारी असाल तर मात्र पहिले काही आठवडे डबा द्या. चीज पिझ्झा रोज खाऊन मुले कंटाळतात.)

आता पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, जे तुम्ही लिहून पुन्हा थोडे सौम्य केले आहे: ‘तिथल्या मुलांची पार्श्वभूमी आमच्यापेक्षा खूप वेगळी आहे, संगतीचा प्रश्न येतो.’ तुमच्या मनातली काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. परंतु तुम्ही स्वतः सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत होतात. त्या वर्गात ऊसतोडणी मजुरांची मुले असतील, धनगरांची असतील, गावच्या सरपंचांचीही असतील. तालुक्याच्या गावातले कोणी त्या शाळेचे शिष्यवृत्तीचे निकाल पाहून तिला ‘वाईट शाळा’ म्हणाले असते, तर तुम्हाला ज्या गुरुजींनी अपूर्णांक शिकवले त्यांचे काय मोजले गेले असते? तुम्ही ज्या काउंटीत जात आहात तिथली कृष्णवर्णीय कुटुंबे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, आणि मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेल्या अनेकांचे हात तंबाखूच्या आणि रताळ्यांच्या शेतांत राबतात. अमेरिकेत सर्वाधिक रताळी याच राज्यात पिकतात, हे एकादशीला लक्षात ठेवण्यासारखे आहे. संगतीची खरी चौकशी करायची असेल तर दोन आकडे कामाचे आहेत. एक, शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा अधिक दिवस, म्हणजे साधारण अठरा दिवस, गैरहजर राहणाऱ्या मुलांचे प्रमाण. दुसरा, शाळेतून तात्पुरते काढून टाकण्याच्या शिक्षांची संख्या. दोन्ही शाळा-अहवालात मिळतात. वर्गातली शिस्त कशी आहे हे त्यांतून वर्णापेक्षा आणि उत्पन्नापेक्षा कितीतरी नेमके समजते, आणि तेही पुरेसे वाटले नाही तर तास बदलताना पाच मिनिटे शाळेच्या व्हरांड्यात उभे राहावे.

गणित हा तुमच्या मुलीचा विषय आहे, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. या राज्यात हायस्कूलचा पहिला गणिताचा अभ्यासक्रम, ज्याला ‘मॅथ वन’ म्हणतात, तो आठवीत घेता येतो आणि त्याचे श्रेय हायस्कूलच्या नोंदीत जमा होते. २०१८ च्या कायद्याप्रमाणे सातवीच्या वर्षअखेरीच्या गणिताच्या परीक्षेत सर्वोच्च स्तर मिळवणाऱ्या मुलाला आठवीत हायस्कूलच्या स्तराचे गणित द्यावेच लागते, आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय त्याला त्यातून काढता येत नाही. तिसरीपासून पुढे सर्वोच्च स्तरावर आलेल्या मुलांनाही, शाळेत प्रगत शिक्षणाची सोय असेल तर, ती संधी देणे शाळेवर बंधनकारक आहे. ग्रामीण शाळांत पूर्वी शिक्षकांच्या शिफारशीवर सगळे अवलंबून असे, आणि शिफारस कोणाची होते हे आपल्याला सांगायला नको. हा कायदा त्या अनुभवातून आलेला आहे.

परंतु तुमच्या मुलीच्या बाबतीत एक फट आहे. तिची परीक्षा मिशिगनची आहे. नॉर्थ कॅरोलिनाच्या नोंदीत तिचा कोणताही स्तर नसेल, त्यामुळे संगणक तिला आपोआप सर्वसाधारण गणिताच्या वर्गात टाकेल. आठवीत मॅथ वन घ्यायचे असेल तर सहावी ते आठवीचा अभ्यास दोन वर्षांत आटोपावा लागतो, म्हणजे खरा निर्णय सहावीच्या पहिल्या आठवड्यातच होतो. म्हणून मिशिगनच्या तिसरी आणि चौथीच्या राज्य-परीक्षेचे निकाल, पाचवीचा निकाल हाती आला असेल तर तोही, आणि सध्याच्या गणित शिक्षिकेचे चार ओळींचे पत्र बरोबर न्या, आणि प्रवेशाच्या वेळीच ‘प्रगत वर्गासाठी तिची चाचणी घ्या’ अशी लेखी विनंती करा. राज्यातल्या प्रत्येक स्कूल बोर्डाकडे (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाकडे) प्रज्ञावान मुलांसाठीची स्वतंत्र योजना असणे कायद्याने आवश्यक आहे. निवडीचे निकष काउंटीगणिक वेगळे असतात, तेव्हा मिशिगनमध्ये ती अशा वर्गात होती म्हणून इथेही आपोआप घेतील असे समजू नका.

तिन्ही शाळांना विचारायचा प्रश्न असा: ‘गेल्या वर्षी आठवीतल्या किती मुलांनी मॅथ वन घेतले, आणि ते वर्गात कोणी शिकवले?’ प्रश्नाचा दुसरा भाग विसरू नका. लहान शाळांत हा विषय राज्याच्या आभासी शाळेमार्फत संगणकावर घेतला जातो आणि मूल ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एकटे बसून शिकते. काही मुलांना ते जमते. अकरा-बारा वर्षांच्या अबोल मुलीला त्यात किती रस राहील याची मला शंका आहे.

शिक्षक हा या सगळ्याचा कणा आहे आणि ग्रामीण काउंटीचे दुखणेही तिथेच आहे. शिक्षकांचा मूळ पगार राज्य देते, त्यावर प्रत्येक काउंटी आपल्या ऐपतीप्रमाणे भर घालते. वेकसारखी (केरी जिच्यात येते ती) श्रीमंत काउंटी भरघोस रक्कम देते, गरीब काउंटीला जेमतेम काही देता येते. परिणामी नवे शिक्षक ग्रामीण शाळेत शिकतात आणि हात बसला की शहराकडे जातात. होक, हॅलिफॅक्स, रॉबसन, व्हान्स आणि कंबरलंड या पाच काउंट्यांतल्या पालकांनी आणि स्कूल बोर्डांनी याच विषमतेविरुद्ध १९९४ मध्ये राज्यावर खटला भरला. लिआंड्रो खटला या नावाने तो ओळखला जातो. १९९७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मुलाला भक्कम मूलभूत शिक्षण मिळण्याचा घटनात्मक हक्क आहे असे सांगितले, पण त्यासाठी पैसा किती आणि कोणी द्यायचा यावरची भांडणे त्यानंतर कित्येक वर्षे न्यायालयांत चालत राहिली. तुमच्या काउंटीच्या शाळांकडे पाहताना हा इतिहास डोळ्यांआड करता येत नाही.

मी स्वतः त्या भागात नऊ वर्षे मिडल स्कूलमध्ये गणित शिकवले. एका वर्षी शेजारच्या वर्गाची शिक्षिका ऑक्टोबरमध्ये सोडून गेली आणि जूनपर्यंत त्या वर्गाने अकरा बदली शिक्षक पाहिले. मुलांना स्वाध्यायाचे कागद वाटले जात आणि दुसऱ्या दिवशी तेच कागद पुन्हा वाटले जात. त्या वर्षीही शाळेचे अक्षर बदलले नाही. बाकीच्या वर्गांनी ते सांभाळून घेतले. त्या वर्गातल्या पंचवीस-सव्वीस मुलांचे वर्ष मात्र गेले. तेव्हापासून कोणीही शाळेबद्दल विचारले की माझा पहिला प्रश्न असतो, ‘आज या शाळेत गणिताच्या आणि विज्ञानाच्या किती जागा रिकाम्या आहेत?’ तीन वर्षांपेक्षा कमी अनुभवाच्या शिक्षकांचे प्रमाण शाळा-अहवालात असते, आणि दर दोन वर्षांनी शिक्षकांचे कामाच्या परिस्थितीविषयीचे सर्वेक्षण होते, त्याचे शाळानिहाय निष्कर्ष कोणालाही पाहता येतात. ‘मुख्याध्यापक आमच्या पाठीशी उभे राहतात’ या वाक्याला किती शिक्षकांनी होकार दिला आहे, हे मी घरांच्या किमतीऐवजी तुमच्या तक्त्यात घालीन. परदेशातून तीन ते पाच वर्षांसाठी आलेले शिक्षकही तुम्हाला तिथे भेटतील, फिलिपिन्सचे, जमैकाचे, क्वचित आपल्याकडचे. त्यांचाही व्हिसा बहुधा जे-वनच असतो. तुमच्या घरच्या परिस्थितीची त्यांना पुरेपूर कल्पना असते.

बसचा विचार तक्त्यात कुठेच नाही, आणि ग्रामीण काउंटीत तो अर्धा दिवस ठरवतो. घर निश्चित करण्याआधी त्या पत्त्यावर पिवळी बस सकाळी किती वाजता येते आणि दुपारी किती वाजता सोडते हे काउंटीच्या वाहतूक कार्यालयाला फोन करून विचारा. पहाटे सहाच्या सुमारास घराबाहेर पडून सव्वा तास बसमध्ये घालवणारी मुले मी पाहिली आहेत. शाळा सुटल्यावर बँडचा सराव, गणिताचा क्लब किंवा खेळ असेल तर परतीची उशिराची बस असते का, हेही विचारा. नसेल, तर त्या उपक्रमांना जाऊ शकणारी मुले म्हणजे ज्यांच्या घरी चारच्या सुमारास गाडी घेऊन येणारे कोणी आहे अशी मुले. अबोल मुलीसाठी सहावीचा बँड ही फार चांगली जागा असते. सगळेच नवशिके असतात, सगळ्यांचे वाद्य सारखेच बेसूर वाजते, आणि मैत्रीसाठी बोलावे लागत नाही. शेतकी विषय असेल तर त्यालाही नाक मुरडू नका.

आता केरीचा पर्याय. मैत्रिणींचे म्हणणे मला कळते: केरी आणि मॉरिसव्हिलला आपली माणसे आहेत, गणपती आहे, मराठी वर्ग आहेत. वेव्हरचा करार काम कुठे करायचे ते ठरवतो. राहण्याबद्दल त्यात काय आहे ते वकिलाकडून तपासून घ्या. परंतु रोज तीन तास गाडी चालवणारा आणि रात्री-अपरात्री बोलावणे येणारा डॉक्टर हळूहळू रुग्णालयाजवळ खोली घेतो, आणि मग एका घराची दोन घरे होतात. मुलीच्या मिडल स्कूलची तीन वर्षे वडील फक्त शनिवार-रविवारी दिसणे, ही किंमत तुमच्या तक्त्यात कोणत्या रकान्यात लिहाल? शिवाय वेक काउंटीत भरून गेलेल्या शाळांना कमाल मर्यादा लावली जाते आणि नव्याने राहायला आलेल्या मुलांना दुसऱ्या शाळेत पाठवले जाते. ज्या शाळेसाठी घर घेतले तीच मिळेल याची खात्री नसते. नातेवाइकाचा किंवा मित्राचा पत्ता देऊन प्रवेश घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. तो गुन्हा आहे, आणि व्हिसावर असलेल्या कुटुंबाने तर त्या वाटेला जाऊच नये. आपल्या माणसांची ओढ खरी आहे. तिच्यासाठी महिन्यातून दोन शनिवार केरीला जाणे पुरते. शाळा तिथे असायलाच हवी असे नाही.

खासगी अकॅडमीबद्दल थोडक्यात. या राज्यात खासगी शाळांना राज्याच्या वर्षअखेरीच्या परीक्षा घ्याव्या लागत नाहीत, त्यामुळे तिची तुलना तुमच्या तक्त्यात करताच येणार नाही, आणि तिथली रिकामी चौकट पांढरी दिसते म्हणून ती चांगली ठरत नाही. शाळा कोणत्या वर्षी स्थापन झाली ते मात्र जरूर पाहा. पूर्व नॉर्थ कॅरोलिनात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, सरकारी शाळांत गोरी आणि काळी मुले एकत्र बसू लागली त्या सुमारास, गोऱ्या मुलांना वेगळे ठेवण्यासाठी काही अकॅडमी सुरू झाल्या. त्यांतल्या काही आज बदललेल्या आहेत. तुम्ही आत जाऊन वर्ग पाहा आणि स्वतः ठरवा.

माझा कल विचारलात, तो असा. मुख्य गावातल्या ‘सी’ शाळेच्या हद्दीत पहिल्या वर्षासाठी भाड्याने घर घ्या, विकत नको. सहावीच्या गणिताची जागा भरलेली आहे, प्रगत वर्ग माणसाकडून शिकवला जातो आणि बसचा प्रवास पाऊण तासाच्या आत आहे, ही तीन उत्तरे मिळाली तर दुसरीकडे पाहू नका. यांपैकी पहिलेच उत्तर ‘नाही’ आले तर छोट्या शाळेत जाऊन तिथल्या गणिताच्या शिक्षकांना भेटा. उत्तरेकडच्या ‘बी’ शाळेला मी तिसरा क्रमांक देईन. तुमच्या घराच्या हद्दीतली शाळा नको असेल तर काउंटीच्या स्कूल बोर्डाकडे दुसऱ्या शाळेसाठी लेखी अर्ज करता येतो आणि तो नाकारला तर सुनावणी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मात्र अर्जाची मुदत बहुधा वसंतातच संपते, आणि अर्ज मंजूर झाला तरी मुलीची ने-आण तुम्हालाच करावी लागते. बोर्डाची बैठक साधारण दर महिन्याला होते आणि ती सर्वांना खुली असते. जुलैची बैठक गाठलीत तर शिक्षकांच्या किती नेमणुका आणि किती राजीनामे मंजूर होतात ते तिथे कळू शकेल.

वेव्हरची तीन वर्षे आणि सहावी, सातवी, आठवीची तीन वर्षे नेमकी जुळतात, हे तुमच्या लक्षात आले असेलच. करार संपेल तेव्हा मुलगी नववीच्या उंबरठ्यावर असेल आणि तेव्हा तुम्ही मोकळेपणाने जागा निवडू शकाल. राहायचे ठरलेच, तर ग्रामीण काउंट्यांतही कम्युनिटी कॉलेजच्या आवारात चालणारी अर्ली कॉलेज हायस्कूल (जिथे हायस्कूलबरोबरच कॉलेजचेही विषय घेता येतात) आहेत, आणि अकरावी-बारावीसाठी १९८० पासून डरमला आणि २०२२ पासून मॉर्गनटनलाही राज्याची निवासी विज्ञान-गणित शाळा आहे. तिथल्या निवडीत राज्याच्या सर्व काँग्रेसनल (अमेरिकी संसदेच्या) मतदारसंघांचा विचार होतो, म्हणजे तुमच्या मुलीची स्पर्धा फक्त केरीच्या मुलांशी नसेल.

इतर राज्यांतल्या वाचकांसाठी दोन गोष्टी. २०१५ च्या केंद्रीय कायद्यामुळे प्रत्येक राज्याला शाळानिहाय अहवाल प्रसिद्ध करावा लागतो, आणि तिसरी ते आठवी दर वर्षी वाचन व गणिताची परीक्षा घ्यावी लागते. अक्षर असो, तारे असोत वा टक्के, त्यात यशाला आणि प्रगतीला किती वजन दिले आहे हे आधी शोधा. आणि काउंटी म्हणजे एकच स्कूल बोर्ड ही पद्धत सगळीकडे नाही. टेक्सास किंवा इलिनॉयमध्ये एका काउंटीत अनेक स्वतंत्र डिस्ट्रिक्ट असतात, रस्ता ओलांडला की बोर्ड बदलते. मिझुरीच्या ग्रामीण भागात जाणाऱ्यांनी शाळा आठवड्यातून चारच दिवस भरते का हे विचारावे, कारण मग पाचव्या दिवसाची सोय आपल्यालाच करावी लागते.

प्रवेशाच्या कागदांत घरी कोणती भाषा बोलता असा प्रश्न येईल. ‘मराठी’ असेच लिहा. त्यामुळे मुलीची इंग्रजीची एक छोटी चाचणी होऊ शकेल, त्यात कमीपणा काही नाही. आणि राज्यातल्या सरकारी शाळेत पहिल्यांदाच येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी आरोग्य तपासणीचा फॉर्म तीस दिवसांत द्यावा लागतो, नाहीतर मुलाला घरी पाठवतात. डॉक्टरांच्या घरीच हा फॉर्म राहून जातो असा माझा अनुभव आहे, तेव्हा मिशिगन सोडण्यापूर्वीच तिच्या बालरोगतज्ज्ञांकडची वेळ घेऊन ठेवा.